तिनं काय सांगितलं

शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली, की मी सहा मुलांना वर्गात थांबवून घ्यायची. सहाही जणांचे आईवडील वेगळे राहत होते. कुणाचा कोर्टात निकाल लागलेला, कुणाचा दावा अजून चालू. सतरंजीवर गोल बसायचं, वाटेल त्यानं बोलायचं. नियम एकच, तोही मीच घातलेला: इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही.

पाचवीतली एक मुलगी दोन महिने गप्पच होती. आईबरोबर गावातच मामाकडं राहायची. एका शनिवारी ती एकदम म्हणाली, "पप्पा फोनवर रडत्यात. मी आईला सांगत न्हाई."

पुढच्याच शनिवारी तिचे वडील राजुरीहून मोटारसायकलवर आले. मुलं आत बसलेली. मला त्यांनी व्हरांड्यातच गाठलं.

"बाई, माझ्याबद्दल काय बोलती ती हितं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बाप हाय मी तिचा! वकील म्हणलाय, शाळेकडनं लिहून आणा, पोरगी बापाकडं यायला तयार हाय म्हणून."

आवाज चढत गेला. दार उघडंच होतं. त्यांना गप्प करायच्या घाईत माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, तुम्ही फोनवर रडता. फार मनाला लावून घेते ती."

ते पायरीवर बसले. मी वळले, तर ती दारात उभी. दप्तर उचलून ती चालू लागली. वडिलांनी दोनदा हाक मारली, ती थांबली नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले. "तुझं बोलणं मी बाहेर सांगितलं. चूक माझीच." तिनं डब्यातून मान वर केली नाही.

त्या शनिवारी ती आली नाही. बाकीची पाच जणं आली, पण कुणी तोंड उघडेना. जुन्नरहून आजीकडं राहायला आलेल्या एका मुलीनं शेवटी विचारलं, "बाई, आमचंबी सांगणार का तुमी?"

"नाही," मी म्हणाले. पण त्या 'नाही'ला आता काय किंमत होती?

त्याच्या पुढच्या शनिवारी ती आली. दाराशीच, दप्तर मांडीवर घेऊन बसली. "मी बोलणार न्हाई."

"नको बोलूस."

जुन्नरची मुलगी सरकली, तिला जागा करून दिली. बऱ्याच वेळानं ती तिथं जाऊन बसली. पुढं वर्षभर ती त्या मुलांशी बोलत राहिली, कधी हसलीही. माझ्याकडं बघून मात्र एकदाही बोलली नाही.