डिकीतला न दिसणारा डबा

चामराजपेटच्या पाचव्या मेन रोडला, एक पापडवाला आणि एक लग्नपत्रिका छापणारा यांच्यामध्ये वाय. खंडोजी राव यांचं दुकान आहे. बंगळुरात बापाच्या नावाचं अक्षर आधी लागतं, म्हणून हा 'वाय' येसाजींचा. पाटीवर 'कार डेकॉर' लिहिलंय, पण आत ना सीटकव्हर, ना मान हलवणारी प्लॅस्टिकची कुत्री. खंडोजी एकच काम करतात. गाडीच्या डिकीत वूफर, म्हणजे ढोलासारखा घुमणारा स्पीकर, बसवतात आणि तो असा लपवतात, की चार वर्षांनी गाडी विकताना मालकालाच आठवण करून द्यावी लागते.

या धंद्यातली गोम अशी, की काम जितकं झकास तितकं ते कमी दिसतं. बाकीचे फिटर वूफरला निळे दिवे लावतात, वर काच बसवतात, काचेवर स्वतःचं नाव कोरतात. खंडोजींचं पुरं झालेलं काम बघून लोक विचारतात, "मग, सुरू कधी करणार?"

लोकांच्या कौतुकाची खंडोजींना तशी फिकीर नव्हती. बावन्नाव्या वर्षी माणूस त्यातून बाहेर पडतो. त्यांना कौतुक हवं होतं ते एकाच माणसाचं, आणि तो माणूस रोज सकाळी नऊला दुकानाच्या दारात येऊन बसत असे. हे येसाजी, म्हणजे अप्पा. वय एक्क्याऐंशी, हाडाचे सुतार. त्यांनी केलेल्या सागवानी कपाटाचं दार लावलं की आतली हवा हलकेच बाहेर येई, इतकी फट बारीक. अशा माणसाचा मुलगा फायबरचे तंतू आणि रेझिनचा रस्सा कालवत बसतो, हे काही त्यांना पचलं नव्हतं. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, पेपर टाकणाऱ्याला ते दिवसातून पन्नासदा 'सरी, सरी', म्हणजे कानडीत 'बरोबर, बरोबर', म्हणत. मुलाच्या कामाला तीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. खंडोजींना ते आतून लागे. बोलत नसत इतकंच.

त्यात अप्पांचे कान गेले. कानाचं यंत्र होतं, पण ते खण उघडून काढायचं, कानात घालायचं आणि मग जगाची कटकट ऐकायची, एवढा खटाटोप त्यांना मान्य नव्हता. त्यामुळे मुलाच्या कामाचा आवाज त्यांना ऐकू येत नसे आणि काम दिसत तर नसेच. आता कौतुक व्हायचं तरी कुठून?

अप्पांनी घालून दिलेली एक रीत मात्र दुकानात अजून चालू होती. पुरं झालेलं काम घरधनिणीच्या हातचं हळदकुंकू लागल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाणार नाही. कपाट वापरणार बाई, तर पहिला हात तिचा, असा त्यामागचा साधा विचार. कपाटं गेली, डिक्या आल्या, रीत राहिली. ती सांभाळायचं काम खंडोजींच्या बायकोचं, गोजराबाईंचं. गाडी आत घेताना खंडोजी एक कागद भरून घेत. त्यावर शेवटची ओळ असे, 'घरातल्या बाईंचं नाव व फोन'. काम झालं की गोजराबाई त्या नंबरावर आमंत्रण करत.

तर एका सोमवारी या दुकानात देवव्रत आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, जे. पी. नगरात राहणारा. त्यानं आधी मागे वळून रस्ता पाहिला आणि मग हळूच म्हणाला, "काका, एक कॉन्फिडेन्शियल मॅटर आहे."

मॅटर असं होतं. देवव्रतच्या जुन्या गाडीत डिकीभर वूफरचा डबा होता. त्याची बायको संयोगिता नागपूरची. तिची आई विमानानं आली, दोघं तिला आणायला देवनहळ्ळीच्या विमानतळावर गेले, आणि डिकी उघडल्यावर कळलं की तीन बॅगांपैकी एकही आत जात नाही. मग सासूबाई एक बॅग मांडीवर, एक पायाखाली आणि एक कुशीत घेऊन जे. पी. नगरपर्यंत आल्या. वाटेत हेब्बाळला दीड तास गाड्या तुंबल्या होत्या. त्या दीड तासात सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते फारच वाईट होतं. घरी आल्यावर संयोगितानं बजावलं, "यापुढे डिकीत डबा दिसला तर बघ!"

"तर काका, रिक्वायरमेंट क्लिअर आहे," आता घेतलेल्या दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवत देवव्रत म्हणाला. "डबा दिसता कामा नये. आणि तिला कळताही कामा नये. प्लीज, कोणालाच सांगू नका."

"माझ्या तोंडातनं शब्द जाणार न्हाई," खंडोजी म्हणाले. "स्वल्प, जरा हा कागद भरा."

देवव्रतचं आयुष्य फॉर्म भरण्यात गेलेलं. समोर रकाना आला की भरायचा, हे हाताला लागलेलं वळण. शेवटच्या ओळीला त्याला वाटलं, इस्पितळात विचारतात तसं असेल, काही झालं तर कळवायला. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, संयोगिता, आणि पुढे दहा आकडे.

खंडोजींनी कागद न बघता खिळ्याला लावला, कारण त्यांचं लक्ष डिकीत गुंतलं होतं. डाव्या बाजूला, चाकाच्या वरच्या पत्र्यामागे एक पोकळी होती. वेडीवाकडी, पण पोट मोठं. स्टेपनीला हात न लावता सगळा डबा तिथेच बसवायचा, असं त्यांनी ठरवलं आणि त्यांना आनंदानं शीळ सुटली.

पुढचे पाच दिवस खंडोजी त्या डिकीत जवळजवळ राहायलाच होते. पत्र्याला कागदी टेप चिकटवली, तिच्यावर फायबर आणि रेझिनचे थरावर थर दिले, वाळल्यावर पत्र्याचा हुबेहूब ठसा उचलून काढला. त्याला प्लायवूडचं तोंड केलं, तोंडात वूफर बसवला. रेझिनचा वास वर घरात गेला आणि गोजराबाईंच्या सांबारात उतरला. "काय करायलात एवढं?" त्यांनी विचारलं. "काम," खंडोजी म्हणाले. कोणालाच सांगू नका म्हणजे कोणालाच नाही, मग ती बायको का असेना. गोजराबाईंनीही नाद सोडला. त्यांना आमंत्रणाशी मतलब.

शेवटचं काम कार्पेटचं. कंपनीच्या कार्पेटची लव एका बाजूला झोपते, नवा तुकडा उलटा लावला तर उजेडात पट्टा दिसतो. खंडोजींनी तीन तुकडे फेकून दिले आणि चौथा लावला. मग डिकीत मूठभर डाळं पसरून वूफर चालू केला. डाळं जिथे खडखडलं तिथे आतून लोकर भरली. नंबरप्लेट गुणगुणत होती, तिच्यामागे नमदा घातला. शेवटी डिकी उघडून ते दोन पावलं मागे सरले आणि बघत राहिले. आत काहीच नव्हतं. कोरी, रिकामी, नव्या गाडीसारखी डिकी. असं काम आपल्या हातून पूर्वी झालं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते सांगायला जवळ कोणी नव्हतं.

शनिवारी सकाळी देवव्रत गाडी न्यायला आला, तर दुकानात संयोगिता काठपदराची साडी नेसून, हातात चहाचा पेला घेऊन बसली होती.

"तू इथे?" देवव्रतनं दारातूनच विचारलं.

"यांचा फोन आला," संयोगिता गोजराबाईंकडे बघत म्हणाली. "तुमच्या गाडीचं काम झालंय, हळदकुंकवाला या म्हणून. मला वाटलं, फ्रॉड कॉल आहे. पण गाडीचा नंबर बरोबर सांगितला. काय काम केलंस रे गाडीचं? तू तर सर्व्हिसिंगला दिली म्हणाला होतास."

खंडोजींनी खिळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं, मग गोजराबाईंकडे. गोजराबाई ताटात हळद, कुंकू, फुलं मांडत प्रसन्न हसत होत्या.

"डिकीतनं आवाज येत होता अक्का," खंडोजी म्हणाले. "स्वल्प काम केलं. आता गाडी बंद असली की काही आवाज न्हाई बगा."

"हो हो, रॅटल होतं," देवव्रत म्हणाला.

संयोगितानं डिकी उघडली, वाकून चारी कोपरे पाहिले. काही नव्हतं. तिच्या कपाळावरची आठी निम्मी गेली. तिनं हळदकुंकवाचं ताट डिकीत ठेवलं आणि आता बोट बुडवणार, एवढ्यात अप्पा उठले.

कपाट असो की डिकी, हळदकुंकवाआधी कामावरून एकदा हात फिरवायचा, हा अप्पांचा हक्क. मुलाच्या कामावरून ते दोन सेकंदांत हात फिरवत, कुठेतरी नख अडे, 'हूं' म्हणत आणि परत जाऊन बसत. त्या 'हूं'ला खंडोजी तीस वर्षं भ्यायले होते. आज हात फिरला आणि थांबला नाही. डावीकडून उजवीकडे गेला, परत आला. अप्पांनी कडेनं नख ओढलं. बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. कार्पेटवर गाल टेकून, एक डोळा मिटून, रंधा मारलेली फळी बघावी तसं पाहिलं. मग सरळ झाले.

"काय केलास रे?" त्यांनी विचारलं.

खंडोजींनी देवव्रतकडे पाहिलं.

"पाच दिवस गाडी आत होती. काय केलास?" बहिऱ्या माणसाचा आवाज, पापडवाल्याची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "सांध न्हाई, खिळा न्हाई, डिंकाचा ठिपका न्हाई. ही कंपनीची डिकी आहे. माझ्या मुलाचा हात हिला लागलेला न्हाई!" मग ते संयोगिताकडे वळले. "अक्का, कुंकू लावू नका. न केलेल्या कामाला आमच्याकडे कुंकू लावत न्हाईत."

खंडोजींना कळेना की हसावं की रडावं. एवढी मोठी शाबासकी आजवर कुणी दिली नव्हती, आणि एवढी मोठी बेअब्रूही कुणी केली नव्हती, आणि दोन्ही एकाच वाक्यात. खरं सांगितलं असतं तर एका क्षणात निकाल लागला असता. पण शेजारी संयोगिता उभी, आणि शब्द दिलेला. शिवाय अप्पांना गुपित सांगायचं म्हणजे ते अख्ख्या पाचव्या मेन रोडला सांगावं लागे. खंडोजींनी मान खाली घातली.

"लबाडी," अप्पा म्हणाले. आवाज आता खाली आला होता, आणि तो ओरडण्याहून वाईट लागला. "कसलंही काम कर म्हटलं होतं. लबाडी कर म्हटलं नव्हतं."

गोजराबाईंच्या हातातलं फूल हातातच राहिलं. खंडोजींचे डोळे भरून आले. बावन्न वर्षांचा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि भर रस्त्यात बापाकडून लबाड म्हणवून घेत होता, पण तोंड उघडत नव्हता.

हे देवव्रतला बघवेना. तो काही शूर माणूस नव्हे. सासूबाईंच्या मौनापुढे त्यानं महिनाभर भेंडीची भाजी खाल्ली होती. पण त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, घाम पुसला, पुढचं दार उघडून आत बसला आणि आवाज पूर्ण वाढवला.

आधी पापडवाल्याच्या बरण्या बोलल्या. मग डिकीतलं ताट थरथरायला लागलं. त्यातलं कुंकू हळूहळू सरकत हळदीच्या बाजूला निघालं. अप्पांचा हात अजून कार्पेटवर होता. ते दचकले, पण हात काढला नाही. तळव्याखाली काहीतरी जिवंत धडधडत होतं. त्यांनी दुसराही हात टेकला.

"देवव्रत!" संयोगिता ओरडली.

देवव्रतनं आवाज बंद केला आणि गुन्हेगारासारखा बाहेर आला. "सॉरी. डिकीत आहे. पण दिसत नाही ना?"

संयोगितानं थेट खंडोजींना विचारलं, "तीन बॅगा मावतात?"

"चार, अक्का."

"मोठ्या?"

"मोठ्या."

"स्टेपनी?"

"जागेवर."

"मग माझ्यापासून लपवण्यासारखं यात काय होतं?" आता ती नवऱ्याकडे वळली. "मी डिकी मागितली होती रे, तुझ्या गाण्यांशी माझं काय भांडण? विचारायचं तरी एकदा. आता पुढच्या महिन्यात आई येतेय. तिला आणायला तू एकटा जायचं, आणि वाटेत तिला हे सगळं स्वतः सांगायचं."

देवव्रतला हेब्बाळ आठवलं आणि तो मटकन पायरीवर बसला.

"पण कुंकू कुठे लावू?" संयोगितानं विचारलं. "दिसतच नाही काही."

खंडोजी पुढे झाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी अप्पांच्या कानाशी तोंड नेलं, ओरडायला श्वास घेतला, आणि डबा कुठे आहे, सांधा कुठून सुरू होतो, ते सांगणार, एवढ्यात अप्पांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नकोस," अप्पा म्हणाले. "मी हुडकतो."

ते डिकीच्या कडेवर बसले, चष्मा पुसला आणि डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. बोटाच्या पेरानं, इंच इंच. गोजराबाईंनी संयोगिताला वर जेवायला नेलं, देवव्रतही मागोमाग गेला. साडेबारा वाजले. अप्पांची बोटं खऱ्या सांध्यावरून दोनदा गेली आणि पुढे निघून गेली. खंडोजी शेजारी उभे होते, हलले नाहीत. बापानं आपल्या कामाकडे इतका वेळ बघावं, असं त्यांना तीस वर्षं वाटत आलं होतं. आता ते होत होतं, आणि ते मनोमन विनवत होते, की अप्पा, हुडका, पण तुम्हाला सापडू नये.