सत्कार चालू असताना

शाल आणि नारळ या दोन वस्तूंची मला शिसारी आली आहे. मेहरूणला माझ्या घरी कपाटाचा वरचा कप्पा शालींनी भरलाय आणि त्यातली एकही अंगाला ऊब देईल अशी नाही. पातळ, चकचकीत, नायलॉनच्या. बायको त्या भांडी झाकायलाही घेत नाही, म्हणते, घसरतात.

मी वरणगावच्या कारखान्यात टूलरूमला होतो. निवृत्त झाल्यावर चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या हायस्कुलात दर शनिवारी जायला लागलो. कुणी बोलावलं नव्हतं. दहावीनंतर काय काय शिकता येतं, कुठला फॉर्म कसा भरतात, कुठला दाखला आधीच काढून ठेवायचा, एवढंच सांगायचो. प्रयोगशाळेतल्या टेबलावर माझा लॅपटॉप आणि भोवती आठ-दहा पोरंपोरी. माइक नाही, हार नाही. ते दिवस चांगले होते.

मग गावातल्या एका मंडळाला वास लागला. त्यांनी माझ्या त्या टेबलाचं ‘भव्य करिअर मार्गदर्शन शिबिर व गुणवंतांचा सत्कार’ करून टाकलं. फ्लेक्स लागला. त्यावर बारा जणांचे फोटो, विद्यार्थी एकही नाही. माझा होता. खोटं कशाला बोलू, एसटीतून उतरल्यावर मी तो थांबून पाहिला. मग दोन पावलं पुढे जाऊन परत पाहिला.

माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये एक मुलगी होती. तिचे वडील विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, म्हणजे आतली जुनी तार काढून नवी गुंडाळतात. ही पोर आठवीपासून त्यांच्या शेजारी बसून वेढे मोजत आलेली. शाळेतला एक पंखा वर्षभर बंद होता. तिने तो खाली उतरवून घेतला, कॅपॅसिटर गेलाय म्हणून सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी नवा बसवून चालू करून दाखवला. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता, तोही धुळ्याला. तिथे आत्याकडे राहायची सोय होती, म्हणूनच वडील कसेबसे तयार झाले होते. त्यांच्या ओट्यावर मी त्यासाठी तीनदा चहा प्यायलो.

शिबिराच्या दिवशी सकाळी दहाला ती वडिलांबरोबर आली. तिचा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता. दाखल्याचा फोटो अंधुक पडला होता. नवा फोटो चढवून अर्ज त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता. काम दहा मिनिटांचं. फक्त लॉगिन करताना वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकावा लागतो. हे मला पाठ होतं, कारण हे सगळ्यांना मीच शिकवायचो.

वडील म्हणाले, “नाना, चोपडाले कॉम्प्युटरवालाकडे लई जाऊ का हिले? माले दुपारले इहीरवर मोटर काढानी शे.”

तेवढ्यात मंडळाचा माणूस मला न्यायला आला. पाहुणे येतच होते म्हणे. मी वडिलांना म्हटलं, “कशाला उगाच हेलपाटा? कार्यक्रम आटोपला की लगेच करून देतो. तुम्ही जा, पोरीला राहू द्या.”

पाहुणे पावणेदोनला आले. अकरापासून पोरं पत्र्याखाली जूनच्या उकाड्यात बसलेली. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि सत्कार. आधी पाहुण्यांचा, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, मग मंडळाच्या अध्यक्षांचा, जे घरचेच होते. कुणाचं तरी नाव राहिलं म्हणून तो उठून जायला निघाला. त्याला हाताला धरून परत आणलं आणि दोन हार जास्तीचे घातले. ज्याने शाली आणल्या होत्या त्याचाही सत्कार झाला, त्यानेच आणलेली शाल घालून. मोठमोठी माणसं नारळ हातात धरून कॅमेऱ्याकडे दात काढत होती. माझ्याही अंगावर शाल होती.

ती खिडकीपाशी उभी होती, प्लॅस्टिकची फाईल छातीशी धरून. मला दिसत होती. उठावं असं दोनदा मनात आलं. शेजारच्याने मांडीवर हात ठेवला, “नाना, आता तुमचंच.” पाहुण्यांचा अपमान होईल म्हणून मी बसून राहिलो, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. खरं ते नव्हतं. माझं भाषण व्हायचं होतं. आठवडाभर घोटून घोटून तयार केलं होतं आणि ते मला करायचं होतं.

गुणवंतांमध्ये तिचं नाव पुकारलं. ती फाईल काखेत धरून वर आली. पेन द्यायला मलाच उभं केलं होतं. ती हळूच म्हणाली, “सर, साडेतीन झाले.”

“इकडे बघा, इकडे,” फोटोवाला ओरडला. मी तिच्या खांद्याला धरून तिचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं आणि हसलो. तो फोटो आजही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. मी छान दिसतो त्यात.

चार वीसला मला माइक मिळाला. पंचवीस मिनिटं बोललो. संधी दार ठोठावते तेव्हा जागं राहा, असलं काहीबाही. टाळ्या पडल्या, आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं तिथे मला बरं वाटलं.

मग धावत प्रयोगशाळेत. लॅपटॉप उघडला, तिने दाखला नीट सपाट धरला, मी फोटो काढला. स्वच्छ आला. लॉगिनचं बटण दाबलं तेव्हा पाचला दहा कमी होते. ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर गेला. वडील विहिरीत उतरलेले, मोबाईल काठावर शर्टाच्या खिशात. मी माझ्या फोनवरून सात वेळा रिंग दिली. ती लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होती. पाच वाजले, पडद्यावर ‘मुदत संपली’ आलं. गुणवत्ता यादीत नाव नाही म्हणजे प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्याही नाहीत, वर्ष गेलं. वर्षभर घरी बसलेल्या पोरीबद्दल घरात कसली बोलणी सुरू होतात, ते मला ठाऊक होतं आणि तिलाही.

पाच वाजून बारा मिनिटांनी माझा फोन वाजला. वडीलच होते, धापा टाकत.

“नाना, नंबर येल शे. लिखी ल्या. चार... सात... सात... शून्य... दोन... नऊ.” एकेक आकडा सावकाश, माझा लिहून होईल एवढा वेळ देत. मग म्हणाले, “परत सांगू का?”

मी मान खाली घालून त्या शालीची झालर कुरवाळत बसलो.

“नाना? व्हयनं ना पोरनं काम?”

तिने माझ्या हातातून फोन घेतला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“नही, आबा,” ती म्हणाली. “सरस्नं भाषण चालू व्हतं.”