फळीची धार

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं. घरी आम्ही अहिराणी बोलतो, लिहायला बसलं की शाळेतली मराठी आठवावी लागते, म्हणून वाक्यं जरा ताठ होतात. मी हे माझ्यापुरतंच लिहिते आहे. माणसांना विचारायला मला लाज वाटते, कागदाला विचारताना वाटत नाही.

नवापुरात आमचं फायबरचं काम आहे. पोल्ट्रीवाल्यांना पाण्याच्या टाक्या लागतात, खाद्याची लांब भांडी लागतात. साच्यात काचेची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, सुकलं की काढायचं. ते काम ह्यांचं. काढलेली वस्तू घासायची, ते काम माझं. आमच्याकडे एक रीत आहे. वस्तू कुठलीही असो, तिची कड टोकदार ठेवायची नाही. शेडमधल्या बायका न बघता हात घालून भांडी धुतात, कोंबड्या मान घालतात. म्हणून कडेवरून बोट फिरवायचं, जिथे टोचेल तिथे परत घासायचं. गिऱ्हाईकसुद्धा आधी कडेवर बोट फिरवतं आणि मग भाव विचारतं.

माझ्या नणंदेचा मुलगा नौदलात होता. तिथे त्याला शिडाच्या फळीचा नाद लागला. पाण्यावर एक फळी, तिच्यावर उभं शीड, आणि ते शीड हातांनी धरून उभा राहिलेला माणूस. मोबाईलवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पुरात कुणाचं तरी दार वाहून चाललंय आणि घरमालक वर उभा आहे. नोकरी संपवून तो परत आला तो एक जुनी लांब फळी घेऊनच. उकाई धरणाचं फुगलेलं पाणी आमच्या तालुक्यात येतं, तिथे तो वारा बघून जायचा. मासे धरणारे त्याला विचारायचे, इतकं मोठं फडकं लावून एकही मासा कसा मिळत नाही.

एकदा तो घरी आला आणि त्याने ह्यांच्यासमोर एक कागद पसरला. शर्यतीच्या नव्या फळीचं चित्र होतं. मी भाकरी टाकत होते, पण नजर तिकडेच. त्याची जुनी फळी लांब, अरुंद, मधोमध खाली सोडायचं एक पातं असलेली. आणि ही नवी? आखूड आणि रुंद, बाजेला पाय नसावेत तशी. शर्यतीची वस्तू अशी बसकी कशी? मला वाटायचं वेगाची वस्तू सुरीसारखी असते. रात्री मी ह्यांना म्हटलं, त्याला विचारा ना, रुंद फळी जोरात कशी जाईल.

"तूच ईचार ना," हे म्हणाले. "तो काय तुले खाई टाकी का?"

मी विचारलं नाही. शेवटी ह्यांनीच विचारलं आणि मी दाराआडून ऐकलं. लांब फळी पाणी कापत जाते, तिला कायम पाणी ढकलावं लागतं. रुंद फळी थोडा वेग आला की पाण्याच्या वर चढते आणि नुसत्या मागच्या भागावर घसरत जाते. रुंद असल्यामुळे कमी वाऱ्यातही लवकर चढते. मागे खालच्या बाजूने तिचे दोन्ही कोपरे खोबणीसारखे कापलेले असतात, पाण्याला टेकणारी जागा अजून कमी व्हावी म्हणून. आपण चपटा दगड पाण्यावर उड्या मारत फेकतो, ते मला आठवलं. चपटाच फेकतो, सुरीसारखा नाही.

तयार फळी परदेशातून येते आणि तिच्या किमतीत आमचं वर्षाचं काम निघेल. त्याचा शर्यतीतला एक मित्र गोव्याकडे असतो. तो म्हणाला होता, तुम्ही बनवा, हलक्या वाऱ्यात माझ्या परदेशी फळीबरोबर पाण्यावर उठली तर मी विकत घेतो. पण सामानाला पैसे भाच्याकडे नव्हते. आमचं नेहमीचं रेझिन चालणार नव्हतं, ते थर्माकोल खाऊन टाकतं, आणि फळीचं पोट थर्माकोलचं. आम्ही एका तुकड्यावर लावून पाहिलं, विरघळलेल्या साखरेसारखा खड्डा पडला. दुसऱ्या जातीचं महाग रेझिन आणि काळं कार्बनचं कापड आणायचं होतं. मी आमच्या बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढलं. गटात मी कधी तोंड उघडत नाही, त्या दिवशी उघडलं. कशासाठी, असं विचारल्यावर म्हटलं, फळी करायची आहे. त्यांना वाटलं, भिंतीवर भांडी मांडायची. फळी उठली नाही तर ते पैसे कुठून भरायचे, ह्याचा विचार मी तेव्हा केला नाही, नंतर मात्र रोज केला.

थर्माकोल तापलेल्या तारेने कापला. कापड ताणून लावलं, वरून प्लास्टिकची पिशवी चढवली आणि जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने आतली हवा ओढून घेतली, म्हणजे कापड घट्ट चिकटतं. मग फळी माझ्याकडे आली. काळी, हलकी, उचलताना हाताला खरंच वाटेना. पुढच्या भागाच्या कडा गोल होत्या, पण मागे, खालच्या बाजूला, दोन्हीकडे कड अगदी धारदार राहिली होती. मला वाटलं, मामा-भाच्यांनी घाईत काम अर्धं सोडलं. मी दुपारभर बसून ती धार घासली. बोट कुठेही टोचेनासं झालं तेव्हा थांबले. इतकं गुळगुळीत काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. हे म्हणाले, आरशासारखी झाली.

चैत्रात दुपारनंतर वारा धरतो. भाचा आधी जुनी लांब फळी घेऊन फिरून आला, मग नवी पाण्यात टाकली. आम्ही दोघं काठावर बाभळीच्या सावलीत. नवी फळी निघाली, थोडी पुढे गेली आणि तिचं बूड तिथेच बसून राहिलं. नाक वर, मागचा भाग पाण्यात, चिखलात बसलेल्या म्हशीसारखी. त्याने शीड हलवलं, पाय मागे-पुढे केले. वाऱ्याचा एक झोत आला तरी ती वर चढेना. लांब फळी ह्याहून बरी चालली होती. मी तिच्या मागचं पाणी पाहत होते. ते मोकळं सुटत नव्हतं. कडेवरून वळून वर चढत होतं आणि फळीला धरून मागे येत होतं. का, ते कळेना, पण नजर तिथून हलेना.

भाचा बाहेर आला. शेपटाखालचं पातं तपासलं, शीड तपासलं. मग फळी उलटी करून हात फिरवायला लागला आणि मागच्या कडेशी येऊन थांबला.

"मामी, हाई धार कोठे गई?"

"घसी टाकी," मी म्हटलं. "हात कापाई जाता."

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आमचा पाण्याचा तांब्या घेतला आणि हळूहळू ओतला. पाणी काठावरून वळलं आणि तांब्याच्या पोटावरून खाली ओघळलं. मग बाजूला पडलेला पत्र्याचा डबा घेतला, सरळ कापलेल्या तोंडाचा, आणि तसंच ओतलं. पाणी कडेवरून सुटून खाली पडलं, डब्याचं अंग कोरडं. पातेल्यातून दूध ओतताना ते तळाशी ओघळतं म्हणून मी जन्मभर चिडत आले आहे. गोल कड पाणी धरून ठेवते आणि धार सोडून देते, हे डोळ्यांनी रोज पाहत होते आणि कधी पाहिलं नव्हतं. पैशांची भीती होतीच, तरी मला त्या घडीला त्याचं नवलच जास्त वाटलं. मी तांब्या त्याच्या हातून घेऊन पुन्हा दोनदा ओतला. हे हसायला लागले. म्हणाले, पिवाले तरी ठेव.

आणि मग मी त्याला पहिल्यांदा स्वतः विचारलं. "मांगे धार, मंग पुढे गोल कसाले?"

"पुढे पाणीले येवानं शे," तो म्हणाला, "मांगे जावानं शे."

लाटेवर पुढची कड धारदार असली तर ती पाण्यात रुतते आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून पुढे गोल, आणि मागे येईपर्यंत हळूहळू धार. ती कुठून सुरू करायची हे चित्रात होतं, मीच ते चूक समजले होते.

उरलेल्या रेझिनमध्ये काचेची पूड कालवून मी कड परत भरली. बाहेरून चिकटपट्टी लावून बांध घातला, सुकल्यावर काढला आणि लाकडाच्या सरळ पट्टीवर काचपेपर गुंडाळून घासली. धार आणणं अवघड नव्हतं, धार आल्यावर हात थांबवणं अवघड होतं. बोट आपोआप कडेवर जायचं, टोचलं की हात घासायला धावायचा. एकदा बोट कापलं. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, आता जमली.

मित्र त्याची परदेशी फळी घेऊन आला तेव्हा वारा इतका कमी होता की बाभळीचे फक्त शेंडे हलत होते. दोघं बरोबर निघाले. आधी दोन्ही फळ्या जडच. मग एक झोत आला आणि परदेशी फळी उठली. आमची पण उठली, जरा मागून, पण उठली. तिच्या मागचं पाणी आता सपाट सुटत होतं, इस्त्री केल्यासारखं. वारा वाढल्यावर परदेशी फळी पुढे गेली. आमची थोडी जड होती, कारण ह्यांनी टाकीच्या सवयीने मजबुतीला एक थर जास्त दिला होता. म्हणजे सवय माझ्या एकटीचीच नडली नव्हती.

बाहेर आल्यावर मित्राने आमची फळी उलटी केली. मागच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं आणि मग भाव विचारला. मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला. वजनापायी त्याने थोडं कमी दिलं, उरलेलं भाच्याने हप्त्याहप्त्याने दिलं.

आता म्हणे अजून नवी फळी निघाली आहे. तिच्या पोटाखाली एक खांब आणि खांबाला पाण्यातले पंख. वेग आला की पंख तिला उचलतात आणि फळी पाण्याला शिवतच नाही, हातभर वरून जाते. भाच्याने मोबाईलवर दाखवलं. मी विचारलं, मग तिला धार कशाला ठेवतात? तो म्हणाला, उठेपर्यंत ती पाण्यातच असते ना. पण उठल्यावर पाणी पंखाला कसं सोडत असेल, पंखाची मागची कड कशी असेल, हे मला अजून बघायचं आहे.

गटाच्या बैठकीत बायकांनी विचारलं, त्या फळीवर तू भांडी मांडलीस का. मी समोरचा तांब्या उचलला आणि हळूच ओतून दाखवला. सगळ्या बघत राहिल्या, एकीने स्वतः ओतून पाहिला. मग मी शेवटचा हप्ता सतरंजीवर ठेवला. अध्यक्षबाईंनी मोजला, मान हलवली, आणि माझं कर्ज पूर्ण फिटलं.