लॅमिनेशन केलेला पोपट

महेंद्र वाघमारे आणि सुभेदार लालासाहेब भोईटे यांची पहिली भेट मिरज स्टेशनच्या फलाटावर झाली आणि ती दोघांच्या कपाळावर झाली. एकाच रिकाम्या काडेपेटीसाठी दोघं एकाच क्षणी वाकले. असा आवाज उठला की हुबळीच्या गाडीच्या गार्डानं काढलेली शिट्टी परत खिशात घातली, आणि सगळा स्टेशन स्टाफ डबे घसरले म्हणून धावत आला. शुद्धीवर येताच दोघांनी पहिल्यांदा काडेपेटी कोणाच्या हातात आहे ते पाहिलं.

महेंद्र पार्सल ऑफिसात क्लार्क. लालासाहेब फलटणकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. छंद एकच: काडेपेटीवरचे छाप जमवणं. लाखानं निघणाऱ्या वस्तूला भाव कसा येतो, हे महेंद्र त्यांच्याकडूनच शिकला. सगळ्यांनी चुलीपाशी फेकलं म्हणून उरलेल्याला किंमत, आणि कारखान्यानं चूक केली असेल तर दुप्पट. महेंद्रनं पावतीवर चूक केली की मेमो मिळे. कारखान्याच्या चुकीला मात्र लोक अल्बममध्ये जागा देत.

सुभेदारांचा पोपट असाच चुकलेला होता. रंग उलटे पडल्यामुळे अंग लाल आणि चोच हिरवी. न कापलेला, न चिकटवलेला, पाठीमागचा कागद कोरा. आसाममध्ये असताना त्यांनी तो एका दुकानदाराकडून आपल्या लोकरी मोज्यांच्या बदल्यात मिळवला होता. ते त्याला कोणाला हात लावू देत नसत. पण पंच्याण्णवच्या पावसाळ्यात सांगलीत छंदांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी तो महेंद्रच्या हातात दिला.

"जसा हाय तसा आन," एवढंच ते म्हणाले.

हवेत दमट वास होता. महेंद्रला रात्रंदिवस बुरशीची भीती वाटू लागली. त्या वर्षी सांगलीत लॅमिनेशनची नवी यंत्रं आली होती आणि जपण्यासारखं ते लॅमिनेट करायचं, असा शिरस्ताच पडला होता. रेशनकार्ड, पत्रिका, दीक्षाची, म्हणजे लेकीची, सातवीची गुणपत्रिका. महेंद्रनं पोपटही यंत्रात सरकवला. दोन मिनिटांत तो चकचकीत होऊन बाहेर आला. महेंद्रनं खूश होऊन दुकानदाराला चहा पाजला.

प्रदर्शनात पुण्याचे परीक्षक पोपटापाशी थांबले, भिंगातून बघितलं आणि हळूच विचारलं, "हे कोणी केलं?" महेंद्रनं मोठ्या अभिमानानं "मी" म्हटलं. परीक्षकांनी भिंग खिशात ठेवलं. आता हा छाप नाही, छापाचा फोटो समजा, असं ते म्हणाले. सोलायला गेलात तर शाईसुद्धा प्लॅस्टिकबरोबर येईल.

महेंद्रनं खरं तर लगेच फलटणची गाडी पकडायला हवी होती. त्याऐवजी त्यानं पत्र लिहिलं: प्रदर्शन लांबलं आहे. पुढच्या पत्रात पोपट कोल्हापूरला गेला, मग बेळगावला, दिवाळीच्या सुमारास सोलापूरला. स्वतः जन्मात पुण्यापलीकडे न गेलेल्या महेंद्रच्या पत्रांतून पोपट दौरे करू लागला. सुभेदारांनी गावभर सांगितलं. दर पत्रात ते फक्त पोपटाची तब्येत विचारत. त्या ओळीपाशी आला की महेंद्र पत्राची घडी घाली.

जानेवारीत सुभेदार न कळवता पार्सल ऑफिसात येऊन उभे राहिले. डोक्यावर इस्त्रीची टोपी, हातात महेंद्रसाठी फलटणच्या गुळाची ढेप. पोपट आता कुठं हाय, एवढं विचारून ते बाकावर टेकले.

महेंद्रच्या ओठांवर सातारचं नाव आलं होतं. ते त्याला बोलवेना. त्यानं टेबलाचा खण उघडला आणि लॅमिनेट केलेला पोपट पुढं ठेवला.

"कुठं गेलाच न्हवता सुभेदार. माझ्याच हातानं वाटोळं झालं. मला सांगायची लाज वाटली."

सुभेदारांनी तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"वाटोळं झालं त्याचं काय न्हाई गड्या," ते म्हणाले. "मी गावात कोल्हापूर-बेळगाव सांगून बसलोय. आता मी बी लबाड झालो का न्हाई?"

सुभेदारांनी पोपट खिशात टाकला, गूळ टेबलावर ठेवला आणि दुपारच्या गाडीनं गेले. महेंद्रनं नंतर तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. सत्त्याण्णवमध्ये सुभेदारांनी अल्बम एका व्यापाऱ्याला विकून टाकला.