भावोजींच्या पुढच्या निऱ्या

अख्ख्या कॉव्हेंट्रीत माझ्या भावोजींइतके चुकीचे कपडे इतक्या रुबाबात घालणारा दुसरा माणूस नसेल. स्कॉटलंडचे पुरुष लग्नकार्याला किल्ट घालतात, तो जाड लोकरीचा, चौकटींचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा. भावोजी तो दूध आणायलाही घालतात. माणूस साताऱ्याचा, उमेदीची वर्षं गाड्यांच्या कारखान्यात गेलेली, स्कॉटलंड पाहिलं ते एकदाच, कोच टूरच्या खिडकीतून. किल्टखाली कारखान्यातलेच लोखंडी टोकाचे बूट, लेस घोट्याला दोनदा गुंडाळलेली. कमरेला पट्टे दोन: एक किल्टचा आणि एक सुताराचा, खिशांचा. त्या खिशांत चष्मा, बसचा पास, बटाट्याचं सालकाढणं आणि अडीअडचणीला दोन लवंगा. टोपी कामाप्रमाणे बदलते. डॉक्टरकडे जायचं तर गवती, "म्हणजे आपण आजारी वाटत नाही." कौन्सिलला तक्रार करायची तर काळी फेल्ट, "म्हणजे वकील वाटतो." आणि प्रत्येक टोपी डाव्या कानावर तिरकी.

माझी नोकरी विमानतळावर सिक्युरिटीत. टोप्या, बूट, पट्टे काढायला लावणं हेच माझं दिवसभराचं काम. मागच्या वर्षी ताई आणि भावोजी पुण्याला निघाले ते नेमके माझ्याच रांगेत आले. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आल्यापासून ताईचा उजवा हात जवळजवळ गेलेला, चालताही फारसं येत नाही, म्हणून ती व्हीलचेअरवर आणि खुर्ची ढकलत हे. एकट्या भावोजींनी तीन ट्रे भरले.

"मेहुणीबाई, काढा म्हणतेस तर काढतो. पण परत चढवायला अर्धा तास लागेल."

"भावोजी, लोक दोन मिनिटांत चढवतात."

"लोकांचं लोक बघतील."

पलीकडच्या बाकावर ते खरंच अर्धा तास होते. माझ्यापुढे रांग होती, मी काही वळून पाहिलं नाही. नाटकं, म्हटलं.

आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट. किल्टच्या निऱ्या मागे असतात, पुढची बाजू सपाट. भावोजींच्या निऱ्या पुढे, साडीसारख्या. इंग्लिश माणसं सभ्य. चार वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग या वसंतात केंब्रिजहून भाचीचा फोन आला. तिचं एका स्कॉटिश मुलाशी लग्न ठरलंय.

"मावशी, प्लीज, तू बाबाला सांग ना. संडेला एवनचे मॉम-डॅड लंचला येतायत, फर्स्ट टाइम. आणि बाबाची किल्ट बॅक-टू-फ्रंट असते. त्यांना वाटेल आपण त्यांची चेष्टा करतोय."

"मग तू सांग."

"मी सांगितली. तो जोक मारतो."

मुद्दा रास्त होता. पहिल्याच भेटीत व्याह्यांचा अपमान नको. एरवी मी दुपारच्या ट्रेननं जाते आणि संध्याकाळी परतते. या वेळी शनिवारीच मुक्कामाला गेले. रविवारी सकाळी किल्ट फिरवून द्यायचा आणि विषय संपवायचा, असं ठरवून सातला खाली उतरले आणि दारातच थांबले.

ताई खुर्चीत बसली होती. भावोजी तिच्यापुढे उभे, हात बाजूला, शाळेतल्या पोरासारखे. ताई उजव्या हाताच्या चिमटीत एकेक निरी धरून सरळ करत होती. एक निसटली, तिनं पुन्हा धरली. निऱ्या झाल्यावर एका पट्ट्याचं बक्कल, मग दुसऱ्याचं. मग भावोजींनी स्टुलावर पाय ठेवला आणि तिनं बुटाची लेस बांधली. शेवटी ते वाकले. ताईनं तो हात थरथरत, ओठ दाबून वर नेला आणि टोपी त्यांच्या डोक्यावर टेकवली.

"सरळ उभे राहा. तीस वर्षं झाली, पण धड कपडे घालता येत नाहीत," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. भावोजी मागोमाग आले.

"फिजिओनं रबराचा चेंडू दिला होता," ते हळूच म्हणाले. "तिनं टीव्हीवर फेकला. मग एकदा चॅरिटी शॉपमध्ये हा टांगलेला होता आणि तिनं त्या हातानं त्याच्या निऱ्या धरल्या. आपणहून. घरी आणून टेबलावर पसरला तर ढुंकून बघेना. माझ्या अंगावर असला तरच."

"मग पाठ करून उभे राहा की."

"राहिलो होतो. म्हणाली, तुमचं तोंड दिसत नाही."

मी चहात साखर घातली. किती घातली, कोण जाणे.

"हे बघ, तिच्यापुढे व्यायाम हा शब्द काढू नकोस. तिला वाटतंय, ती मला वळण लावतेय. लेकीलाही सांगू नकोस. ती इथे येते तेव्हा दहापर्यंत झोपते, तिला पत्ता नाही. कळलं तर आईला शाबासकी देईल, आणि मग तो हात पुन्हा मांडीवर जाऊन पडेल."

एक वाजता व्याही-विहीणबाई आले. व्याह्यांनी साधी करडी पँट घातली होती. त्यांनी निऱ्या पाहिल्या, पट्टे पाहिले, सालकाढण्यावर नजर जरा रेंगाळली. "चांगलं ऊबदार असेल," ते अखेर म्हणाले. "फार," भावोजी म्हणाले आणि त्यांना कोशिंबीर वाढली. भाची मला पॅसेजमध्ये घेऊन गेली.

"मावशी! तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. मीच म्हटलं, पुढेच राहू द्या. छान दिसतं."

ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. चालायचंच.

टोपी तिरकी ठेवणं हा भावोजींचा रुबाब, असं मी चार वर्षं समजत होते. ताईचा हात तेवढाच पोचायचा. गेल्या महिन्यात गेले तर टोपी जवळजवळ सरळ होती, कानापासून चांगली दोन बोटं वर. भावोजी दूध आणायला निघाले ते मान अगदी ताठ धरून, पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे, सावकाश, टोपी जागची हलू नये म्हणून.