सदतिसावा फोटो

धाकू पेडणेकराला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. मुलुंडला त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाला जाताना मात्र गळ्यात दोन कॅमेरे, एकात रोल आणि दुसरा रिकामा. मांडवातला कुणी काका-मामा 'आमचा पण एक काढ ना' म्हणत मध्ये घुसला, की धाकू रिकाम्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवायचा. पाहुणा खूश, रोल शाबूत.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्याला भोरड्यांनी वेड लावलं. संध्याकाळी मिठागरावर हजारो पक्षी एकदम उठायचे, धुरासारखे वळायचे आणि धाकू कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत खारफुटीत गडप व्हायचे. "जरा थांबाल तर शपथ!" म्हणत तो चिखलात पाय आपटायचा.

एका रविवारी लग्न उरकून तो तसाच धावत आला. त्या दिवशी थवा अर्धा तास डोक्यावर नाचला. घडीत मडक्यासारखा फुगला, घडीत दोरीसारखा ताणला गेला. धाकू झपाटल्यासारखा खटके मारत सुटला. पस्तीस, छत्तीस, सदतीस...

छत्तीसच्या रोलवर सदतिसावा? त्याने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत रोलच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून भोरड्या फिरकल्याच नाहीत.

पुढच्या लग्नात नवऱ्याची म्हातारी आत्या पदर सावरून, श्वास रोखून समोर उभी राहिली. सवयीने रिकामा फ्लॅश उडाला.

"आला ना रे माझा फोटो?"

धाकू स्वतःवरच चरफडला. "नाय आला, आत्या. हलू नका," म्हणत त्याने रोल असलेला कॅमेरा उचलला.