सड्यावरचं तेल

ती घटना आजही आठवते, असं म्हणून आमच्या खात्यातली बहुतेक मंडळी गोष्टीला सुरुवात करतात. मला ती मुद्दाम आठवावी लागत नाही. भाद्रपद लागला आणि बाजारात महालक्ष्म्यांचे मुखवटे मांडलेले दिसले, की ती आपली आपण समोर येऊन बसते. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही. ज्यांचं दुःख आहे त्यांना ते नावासकट माहीत आहे, तेवढं पुरे.

परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. दुपारी फोन आला की देवगाव फाट्याच्या अलीकडे मोटार पेटली आहे आणि माणूस भाजला आहे. आम्ही पोचलो तोवर शेतातल्या लोकांनी माती टाकून आग विझवली होती. जुनी पांढरी मोटार, बॉनेट उघडं, पुढचा भाग करपलेला. भाजलेला माणूस पाथरीकडच्या एका गावचा शाळामास्तर. महालक्ष्म्यांसाठी त्याची बहीण माहेरी येत होती, तिला फाट्यावरून आणायला तो निघाला होता. ती एसटीतून उतरून, पिशव्या पायाशी ठेवून भावाची वाट बघत होती. लांबचा धूर तिनंही पाहिला होता. कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं असेल असं तिला वाटलं.

बॉनेटमधून धूर निघतोय म्हणून मास्तर खाली उतरला आणि त्यानं बॉनेट उचललं. वारा लागला, भडका थेट अंगावर आला. परभणीच्या दवाखान्यात नायब तहसीलदारांनी त्याचा जबाब घेतला. त्याला एकच वाक्य धड बोलता आलं, "गाडी कालच मिस्त्रीकडून आणली होती." दुसऱ्या दिवशी तो गेला. मागे विधवा आई, थोरला भाऊ आणि बायको.

मरणाऱ्याचं वाक्य कायद्यात वजनदार असतं. त्यात पंचनाम्यात एक गोष्ट नोंदली गेली होती. इंजिनातलं तेल मोजायची जी पट्टी असते, ती नळीत घट्ट खोचलेली असायला हवी. ती बाहेर निघून इंजिनावर आडवी पडली होती. त्या नळीतून तेल उसळून सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडलं आणि पेटलं, हे उघड होतं. मिस्त्रीनं तेल बदललं आणि पट्टी बसवायला विसरला, असं कुणीही म्हणालं असतं. सगळे तेच म्हणाले.

त्यावर पाथरीच्या बाजारातल्या खबऱ्यानं आणखी एक बातमी आणली. मिस्त्रीचा आणि मास्तरच्या थोरल्या भावाचा जागेच्या हद्दीवरून वाद होता. पोळ्याच्या दिवशी चारचौघांत बाचाबाची झाली होती आणि मिस्त्री "बघून घेतो" म्हणाला होता. खबऱ्याची बातमी बाजारातल्या दुधासारखी असते, पाणी किती ते आपणच ओळखायचं. पण हा वाद खरा निघाला. थोरला ठाण्यात येऊन टेबलावर हात आपटत म्हणाला, "सायेब, विसरला बिसरला काय न्हाई. मुद्दाम केलंय त्यानं. खुनाचाच गुन्हा लावा!"

हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवून मिस्त्रीला मी जबाबाच्या रात्रीच अटक केली होती. मास्तर गेला त्याच दिवशी मिस्त्रीच्या दुकानावर दगड पडले आणि बायको लेकरं घेऊन माहेरी निघून गेली. आपल्याकडे निकाल कोर्टाच्या आधी पारावर लागतो.

मिस्त्री चाळिशीचा, मास्तरचा लहानपणीचा शाळासोबती. समोर बसवलं तेव्हा मी काही विचारण्याआधी त्यानंच विचारलं, "मास्तर वाचंल का, सायेब?"

मास्तर गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यानं खांद्यावरचा रुमाल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. ठाण्यात रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ज्याला स्वतःसाठी रडू येतं तो मधूनमधून साहेबाकडे बघतो. ह्यानं बघितलं नाही.

"पट्टी बसवली होतीस?"

"बसवली की. पुसून मास्तरला तेल दावलं, मंग दाबून बसवली. लेकराची आण."

"मग बाहेर कशी आली?"

"तेच कळना गेलंय मला."

"गाडीतून तेल गळत होतं?"

"लय वर्सांपासून. इंजिन म्हातारं झालंय, त्याच्या पोटात वाफ धरती. खाली एक नळी हाय, ब्रीदर म्हणत्यात, तिच्यातून ती वाफ निघती अन् संग तेल ठिपकतं. मास्तर म्हणला, हे बंद कर, माय रोज वरडती. म्या म्हणलं, गड्या, त्या नळीतून इंजिन दम घेतंय. खाली डबा ठिव अन् ठिपकू दे."

आता एक सांगतो. माझी खात्यातली पहिली वर्षं मोटार परिवहन विभागात गेली. पोलिसांच्या जुन्या गाड्यांखाली मी इतका पडून राहिलो आहे, की माझी आई म्हणायची, हा पोलीस झाला की गॅरेजवाला. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो होतो. तेल जिथून ठिपकतं तिथून ते गळत असतंच असं नाही. ते खाली उतरतं, वाऱ्यानं मागे सरकतं आणि भलतीकडेच थेंब धरतं. म्हणून सगळ्यात वरची ओली जागा आधी शोधायची. आणि जिथं ओलं असायला हवं तिथं कोरडं असेल, तर ते त्याहून आधी बघायचं.

परभणीहून मोटार वाहन निरीक्षक आले. पंचांसमोर आम्ही दोघांनी गाडी तपासली. इंजिनावरच्या झाकणाचे सगळे नट घट्ट होते, पण त्याखालचं पॅकिंग बाहेरच्या बाजूला फुगून आलं होतं. ढिल्या नटानं तसं होत नाही. आतून दाब बसला तर होतं. पट्टीही त्याच दाबानं उडाली होती. निरीक्षक म्हणाले, "आतला दाब बाहेर पडायला जागाच नव्हती, असं दिसतंय." मी खाली वाकून ती ब्रीदरची नळी चाचपली. गावभर ठिपके टाकणाऱ्या नळीचं तोंड कोरडं होतं. आत बोट घातलं तर चिंध्यांचा बोळा लागला. चांगला ठासून बसवलेला, वरून सुतळीनं आवळलेला. कापड जुन्या हिरव्या लुगड्याचं होतं.

ते लुगडं मी पाहिलं होतं. अपघाताच्या संध्याकाळीच मास्तरच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्या लुगड्याच्या तुकड्यांची वाकळ दोरीवर वाळत होती. आणखीही एक गोष्ट तेव्हा डोळ्यांसमोरून गेली होती, पण मनात भरली नव्हती. गाडी उभी राहायची ती जागा सडा घालून लख्ख होती. तिथे तेलाचा एकही ताजा थेंब नव्हता.

माझा रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी बघणारा मुरलेला हवालदार, सगळं ऐकून हळूच म्हणाला, "साहेब, बोळा कुणी अज्ञात इसमानं घातला असं लिहू. मिस्त्री सुटंल. त्या माउलीला अजून कशाला जाळायचं?" त्याच्या मनात वाईट नव्हतं. माझ्याही मनात ते येऊन गेलंच. पण 'अज्ञात इसम' लिहिलं की गावानं त्या जागी मिस्त्रीचंच नाव वाचलं असतं, जन्मभर.

बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यायचा असतो. महिला शिपायाला बरोबर घेऊन गेलो. घरात सुतक होतं. त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्याच नाहीत, मुखवटे फडक्यात बांधलेलेच राहिले. म्हातारी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. थोरला शेजारी उभा.

मी विचारलं, "माय, गाडीचं तेल अंगणात पडायचं का?"

"लय पडायचं, बाबा. सडा टाकावा, रांगोळी घालावी, अन् तिच्यावर काळं तेल. राख टाकून घासावं तरी जाईना. दुसऱ्या दिशी लक्ष्म्या यायच्या होत्या. दारापासून देवापर्यंत त्यांची पावलं काढायची, ती काय तेलात काढू? मास्तर साळंला गेला तवा खाली वाकून बगितलं, एका नळीतून ठिपकायलंय. मंग म्याच बोळा कोंबला. थेंब पडला न्हाई बग मंग."

हे सांगताना त्या दुःखातही तिच्या आवाजात जरासं समाधान होतं. तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

बोळा ठेवून लाखेनं मोहोरबंद केलेली पारदर्शक पिशवी मी तिच्यासमोर धरली. तिनं आपलं लुगडं ओळखलं. मग त्यावरची काजळी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकं अवघड मला काही वाटलं नव्हतं.

थोरला ओरडला, "सायेब, तिला कामून सांगायलाव हे?"

म्हातारीनं हात वर करून त्याला गप्प केलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मंग त्या मिस्त्रीनं काईच केलं न्हाई?"

"काहीच नाही, माय. उलट नळी बंद करू नका म्हणून त्यानं बजावलं होतं."

"अन् तुमी त्याला कोंडून ठिवलंय."

जबाब नोंदवला, निरीक्षकांचा अहवाल जोडला आणि मिस्त्रीला सोडण्यासाठी कोर्टात कागद पाठवले. आईवर गुन्हा होण्यासारखं काही नव्हतं. प्रकरण अपघात म्हणून मिटलं.

मिस्त्री सुटला त्या दिवशी ठाण्याबाहेर गावची बरीच माणसं जमली होती. कागद काय म्हणतो याची त्यांना फिकीर नव्हती. तेवढ्यात रिक्षातून म्हातारी उतरली. सुतकातली बाई घराबाहेर पडली म्हणून लोक मागे सरले. ती मिस्त्रीजवळ गेली, त्याचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "बोळा म्या कोंबला. मपल्या हातानं. आता ह्याच्या दुकानावर ज्याला धोंडा टाकायचाय त्यानं आधी मपल्या डोक्यात टाकावा." थोरला खाली मान घालून उभा होता. मिस्त्री तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला वाकू दिलं नाही.

मी वर्दीतली माणसं पाहिली आहेत, बक्षिसं मिळालेली. एवढी हिंमत त्यांच्यात क्वचित पाहिली.

ह्या प्रकरणानं मला एक सवय लावली. कुठं काही सांडलेलं, गळलेलं दिसलं की पूर्वी मी आधी ते बंद करायला धावायचो. घरातलं भांडण असो, गावातली कुरबुर असो, नाहीतर कोठडीतला आरडाओरडा. नंतर मी आधी विचारू लागलो की हे कशामुळे बाहेर पडतंय, आणि बंद केलं तर कुठून फुटेल. पुष्कळदा उत्तर मिळालं नाही. पण विचारल्याशिवाय बोळा कोंबला नाही.

निवृत्तीनंतर मी परभणीतच राहिलो. गेल्या भाद्रपदात म्हातारीचं जेवायला बोलावणं आलं, म्हणून गेलो. त्या घटनेनंतर दर महालक्ष्म्यांना मास्तरच्या बहिणीला फाट्यावरून मिस्त्रीच आणतो, हे मला तिथे कळलं. आमच्या देखत त्याची जुनी जीप अंगणात येऊन उभी राहिली. बहीण उतरली. थोरली सून दारात वाकून लक्ष्मीची पावलं काढत होती. जीपखाली टप्प दिशी एक काळा थेंब पडला, मग दुसरा. मिस्त्री ओशाळला आणि डबा घ्यायला धावला.

"राहू दे रं, लेकरा," म्हातारी ओसरीवरून म्हणाली. "ठिपकू दे. दम घेऊ दे तिला."

आणि तिनं सुनेला पावलं जरा बाजूनं काढायला सांगितली.